दहा सिनेमे, एक मध्यंतर

आत्याच्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला नसता, तर आमच्या घरात ऑस्करचं एवढं प्रस्थ माजलं नसतं. सदाशिव पेठेतली तिची इमारत पाडायला घेतली, बिल्डरनं पर्यायी जागेचं भाडं सुरू केलं, आणि मी फोनवर बोलून गेले, "भाड्याच्या घरात एकटी कशाला राहतेस? सहा महिने इकडे ये की." तिच्याकडे दहा वर्षांचा व्हिसा आधीपासून आहे हे मी विसरले होते. २०२५च्या जानेवारीत ती न्यू जर्सीत उतरली, तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा, एक माकडटोपी आणि चार किलो चकलीची भाजणी होती.

आत्या चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झाली. त्या चौतीस वर्षांत जेवढ्या म्हणून निवडणुका आल्या, त्या सगळ्यांची ड्यूटी तिनं केली. त्यामुळे तिला कुठेही नेलं, लग्नाला नेलं तरी, ती तिथे पर्यवेक्षक म्हणूनच येते.

माझ्या नवऱ्याला दर वर्षी एक झटका येतो. ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की तो म्हणतो, यंदा सगळे बघायचे. मग तीन बघून होतात, त्यातल्या एकात मी झोपते आणि वर्ष निघून जातं. त्या वर्षी मात्र जवळच्याच एका थिएटरनं सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतले दहाच्या दहा सिनेमे दोन शनिवारांत ओळीनं दाखवायचं काढलं. नवऱ्यानं लगेच एक्सेल उघडलं. सिनेमांच्या लांबीची बेरीज केली तर चोवीस तास एक्कावन्न मिनिटं. "फक्त!" असं तो म्हणाला. त्यानं मग आम्हा दोघांची, कॉलेजातून सुट्टीला आलेल्या मुलाची, त्याच्या ऑफिसातल्या मालवणी मित्राची आणि मित्राच्या बायकोची, शिवाय माझ्या गोव्याच्या मैत्रिणीची तिकिटं काढली. आत्याला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून सातवं.

अमेरिकेत हा उद्योग काही नवा नाही. एएमसी या थिएटरांच्या साखळीनं २००७ साली नामांकनातले सिनेमे एकाच दिवसात दाखवायला सुरुवात केली. तेव्हा नामांकनं पाचच असत. सकाळी बसलं की रात्री जेवायला घरी. पण बॅटमॅनच्या 'द डार्क नाइट'ला त्या पाचांत जागा मिळाली नाही म्हणून बरीच ओरड झाली आणि २००९ साली अकादमीनं पाचाचे दहा केले. त्या बॅटमॅनचं पुढे जे व्हायचं ते झालं, पाठ मात्र आमची धरली.

"तुला झेपेल का गं आत्या?" मी विचारलं. "एका दिवसात पाच सिनेमे आहेत."

"ऑस्करशी माझा जुना व्यवहार आहे," ती म्हणाली. "२००४ साली 'श्वास' ऑस्करला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती. मी एकशे एक रुपये दिलेत. तो सिनेमा पुढे नामांकनापर्यंतसुद्धा गेला नाही. इतकी वर्षं पैसे अडकलेत माझे, निदान कशावर गेले ते बघून तरी येते."

थिएटरात बाहेरचे पदार्थ नेता येत नाहीत. हा नियम नवऱ्यानं आत्याला तीनदा सांगितला होता. दारात गळ्यातले पास तपासणाऱ्या पोरानं आत्याच्या पिशवीकडे बोट केलं, तेव्हा तिनं मुलाला सांगितलं, "म्हणावं, औषधं आहेत." मुलानं भाषांतर केलं. पोरगा हसला आणि त्यानं आम्हाला आत सोडलं. त्या औषधांत चकल्या, भडंग आणि गूळपापडीच्या वड्या होत्या. पुढचे बारा तास नवरा चेहऱ्यावर गुन्हेगाराचे भाव घेऊन वावरला, पण वड्या त्यानंच जास्त खाल्ल्या.

खुर्च्या बटण दाबलं की आडव्या होणाऱ्या होत्या. आत्यानं बटण दाबलं, खुर्ची मागे गेली, पाय वर आले आणि ती माकडटोपीसकट कलंडली. खाली उतरायचं बटण कुठलं हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. एकदा बसलं की कोणीतरी उठवेपर्यंत ती तिथेच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सकाळी दहाला 'ड्यून'चा दुसरा भाग सुरू झाला. पहिला भाग आत्यानं पाहिला नव्हता. पाचव्या मिनिटाला तिनं विचारलं, "ही भांडणं कशावरून चाललीत?"

"मसाल्यावरून."

"गोडा की काळा?"

तो मसाला अवकाशातून प्रवास करायला लागतो, हे मी कुजबुजत सांगेपर्यंत दोन माणसं मेली होती. मग मी नाद सोडला. आत्याचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं, ती वाळूच्या टेकड्या निरखत होती. जॉर्डन आणि अबूधाबीच्या वाळवंटांत केलेलं ते चित्रण खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे, पण तिनं निष्कर्ष दिला तो एवढाच, की वाऱ्याची दिशा टेकडीच्या उताराशी जुळत नाही आणि परीक्षेत याचे दोन गुण गेले असते.

सिनेमा संपायला तासभर असताना ती चुळबुळायला लागली. "मध्यंतर कधी आहे?"

"इथे नसतं."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. इथे पाणी नसतं असं मी सांगितलं असतं, तरी तिनं इतकं दुखावून पाहिलं नसतं.

तिची बाजू मला पटते. तिची पिढी अलका टॉकीजला इंग्रजी सिनेमे बघत वाढली. त्या सिनेमांना मुळात मध्यंतर नसायचंच. थिएटरवाला आपल्या हिशेबानं रीळ थांबवायचा. नायकानं पिस्तूल रोखलं की दिवे लागायचे आणि सगळं पुणं बाहेर येऊन सामोसा खात ठरवायचं, की गोळी लागणार की नाही. बालगंधर्वला नाटकाच्या मध्यंतरात वड्याच्या रांगेत जेवढी समीक्षा होते, तेवढी दुसऱ्या दिवशी पेपरातही येत नाही. दोन सिनेमांच्या मधे पंधरा मिनिटं मिळत होती, नाही असं नाही. पण ती तर पंगत उठल्यावरची वेळ. सिनेमा संपला की उरतो तो निकाल, आणि निकालावर आमच्या घरात भांडणं होतात. मध्यंतरात सगळे अडाणी असतात, सगळ्यांना अंदाज सांगायचे असतात आणि कोणीच अजून चुकलेलं नसतं.

त्यानंतर 'विकेड'. ब्रॉडवेवर २००३ पासून चाललेल्या नाटकाचा हा सिनेमा. मूळ नाटकाचा पहिला अंक जिथे संपतो तिथेच हा संपतो. दोन तास चाळीस मिनिटांनंतर हिरवी मुलगी झाडूवर बसून आकाशात गेली आणि पुढे चालू राहील अशी पाटी आली.

"आता मध्यंतर ना?" आत्या आशेनं म्हणाली.

"नाही, संपला. दुसरा भाग नोव्हेंबरात."

तिनं बोटं मोजली. "नऊ महिन्यांचं मध्यंतर! तेवढ्यात बाळंतपण होतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मघाच्याचा पहिला बघितला नाही, ह्याचा दुसरा झाला नाही. पुरे पैसे घेतात आणि अर्धे सिनेमे दाखवतात."

तिसरा बॉब डिलनवरचा. त्यात काम करणारा टिमोथी शालामे म्हणजे सकाळचाच वाळवंटातला नायक. आत्यानं त्याला बरोबर ओळखलं, पण सिनेमा बदललाय हे तिच्यापर्यंत पोचलं नसावं. मसाल्याचा धंदा बुडाल्यामुळे पोरगा न्यूयॉर्कला आला आणि गिटार वाजवायला लागला, अशी तिनं आपल्यापुरती जुळणी केली होती. खोटं कशाला सांगू, दुपारी चारच्या सुमाराला मलाही ती पटत होती.

चौथ्याला मात्र ती ताठ बसली, म्हणजे त्या खुर्चीत जेवढं ताठ बसता येतं तेवढी. 'कॉन्क्लेव्ह' ही पोपच्या निवडीची गोष्ट. राल्फ फाइन्सनं केलेला कार्डिनल ही निवडणूक घेतो. दारं बंद, बाहेरच्यांशी संपर्क बंद, चिठ्ठ्या वाटायच्या, मोजायच्या, सुईदोऱ्यात ओवायच्या, जाळायच्या. "केंद्राध्यक्ष आहे हा!" आत्या म्हणाली. "बघ कसा रडकुंडीला आलाय. रिझर्व्हला माणूस दिलेला नाही." तिच्या चौतीस वर्षांच्या ड्यूट्यांची व्हॅटिकननं प्रथमच दखल घेतली होती. भरल्या गळ्यानं तिनं पिशवीत हात घातला आणि एक कार्डिनल प्रार्थनेला उभा राहत असताना, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असताना, चकली मोडली.

चकली चावल्याचा आवाज किती होतो हे दिवाळीत कळत नाही, कारण तेव्हा बाहेर फटाके वाजत असतात. पुढच्या रांगेतले तिघं मागे वळले. तोंडात अर्धी चकली घेऊन आत्या गोठली. ती चकली तिनं पुढची चार मिनिटं न चावता, नुसती भिजवत ठेवली. पहिल्या शनिवारचं मला एवढंच एक दृश्य अगदी बारकाव्यानिशी आठवतं: पडद्याच्या लाल उजेडात माकडटोपी, तिच्यातून दिसणारे दोन डोळे आणि फुगलेला एक गाल.

रात्री नवाच्या पुढे 'अनोरा'. या सिनेमाबद्दल मुलानं मला आधीच हळूच सांगितलं होतं, "आई, सुरुवात जरा... तू आत्याआजीला बाहेर घेऊन जा." सुरुवात होते ती नाचाच्या क्लबमध्ये, आणि तिथल्या मुलींच्या अंगावर कपडे म्हणावेत असं फारसं काही नाही. अर्ध्या मिनिटात नवरा पॉपकॉर्न भरून आणायला उठला. डबा काठोकाठ भरलेला होता. मुलगा पाणी आणायला गेला. मालवणी मित्राला गाडी लॉक केली की नाही अशी शंका आली, आणि शंका एवढी मोठी होती की तिला बघायला बायकोही बरोबर गेली. गोव्याची मैत्रीण फोनचं निमित्त करून निघाली. मी आत्याला बाहेर न्यायला वळले, पण खुर्चीचं बटण अंधारात सापडेना. शेवटी मीही "आलेच" म्हणून सटकले. बाहेर पॅसेजमध्ये आम्ही सहाजण वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे भिंतीला टेकून उभे होतो. पॉपकॉर्नच्या भरलेल्या डब्यात कोणीही हात घालत नव्हतं.

पंधरा मिनिटांनी आत गेलो तर आत्या जागच्या जागी. "बसा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "झालं ते." मग मला मागची गोष्ट सांगितली, "पोरगी कष्टाळू आहे. रात्रपाळी करते. सकाळी घरी येऊन जरा पडली तर बहीण विचारते, दूध आणलंस का?"

पुढे अनोरा एका रशियन धनाढ्याच्या उडाणटप्पू पोराशी लास व्हेगासला लग्न लावते, आणि ते मोडायला त्याचे आईबाप खासगी विमानानं येऊन थडकतात. "खाष्ट सासू विमानानं आली तरी खाष्टच," एवढं म्हणून आत्या गप्प झाली. शेवटच्या दृश्यात तिनं माकडटोपी खाली ओढून डोळे पुसले. त्या मुलीच्या बाजूनं उभं राहणारं माहेरचं एकही माणूस अख्ख्या सिनेमात आलं नाही, हे तिला फार लागलं. घरी येईपर्यंत गाडीत 'अनोरा'चं नाव कोणी काढलं नाही. 'ड्यून'च्या ध्वनिमुद्रणावर मात्र आम्ही भरभरून बोललो.

दुसऱ्या शनिवारची सुरुवात 'आय ॲम स्टिल हिअर'नं झाली. ब्राझीलचा सिनेमा, दिग्दर्शक वॉल्टर सॅलेस, भाषा पोर्तुगीज. गोव्याच्या मैत्रिणीचे आजोबा घरात पोर्तुगीज बोलायचे, त्यामुळे ती सुरुवातीला आम्हाला शब्द सांगत होती. मग सांगायची थांबली. १९७१ सालचं रिओ, लष्करी राजवट, समुद्राजवळचं पोराबाळांनी भरलेलं घर, आणि एक दिवस साध्या कपड्यांतली माणसं येऊन घरातल्या बापाला चौकशीसाठी घेऊन जातात. तो परत येत नाही. पुढे मासिकाचा फोटोग्राफर त्या कुटुंबाचा फोटो काढायला येतो. त्यांना गंभीर चेहरे हवे असतात. आई पोरांना हसायला सांगते.

आमच्या रांगेतून कसलाही आवाज नव्हता. दिवे लागल्यावर आत्या म्हणाली, "आणीबाणीत आमच्या वाड्यातल्या काकांना नेलं होतं. येरवड्याला. काकू रोज संध्याकाळी पावडर-कुंकू करून ओट्यावर बसायच्या, लोकांना बरं दिसावं म्हणून." मग जरा थांबून, "ते आले परत. नशीब." त्या मधल्या पंधरा मिनिटांत पॉपकॉर्न आणायला कोणी उठलं नाही.

दुपार कशीबशी गेली. 'एमिलिया पेरेझ'ला तब्बल तेरा नामांकनं का मिळाली हे मला अजून कळलेलं नाही. आत्याला काहीच खटकलं नाही, कारण ती संगीत नाटकं बघितलेली बाई. माणसं शस्त्रक्रियेची चौकशीसुद्धा गाऊन करतात याचं तिला नवल नव्हतं. तिची तक्रार एवढीच, की वन्स मोअर कोणी घेत नाही. 'द सबस्टन्स'मध्ये डेनिस क्वेड कोळंबी खातो ते दृश्य इतकं किळसवाणं आहे, की तिथून पुढे माझा नवरा पडद्याऐवजी छताकडे बघत होता. मालवणी मित्र मात्र खवळला. "कोळंबी अशी खातात? सोलून तरी घे रे मेल्या!" हे तो मोठ्यानं बोलला आणि पुढच्या रांगेतले तेच तिघं पुन्हा वळले. एव्हाना आमची ओळख झाली होती. त्यांच्यापैकी एकीनं हळूच हात पुढे करून खुणेनं विचारलं, मागच्या आठवड्यातलं ते वेटोळं आहे का? आत्यानं दोन दिल्या. 'निकेल बॉइज' हा फार चांगला सिनेमा मी फार वाईट अवस्थेत पाहिला. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांतून बघतो आणि माझे डोळे तोवर संपावर गेले होते.

आणि मग रात्री सव्वाआठला 'द ब्रूटलिस्ट'. लांबी २१५ मिनिटं. महायुद्धातून वाचलेला हंगेरीचा ज्यू वास्तुविशारद अमेरिकेत येतो, आणि एक शेठ त्याला टेकडीवर भली मोठी इमारत बांधायला सांगतो. आम्ही सगळे अर्धमेले झालो होतो. साधारण दहाच्या सुमाराला पडदा स्थिर झाला, त्यावर लग्नातला एक जुना फोटो आला, खाली उलटं मोजणारं घड्याळ सुरू झालं आणि दिवे लागले. पंधरा मिनिटं. हा सिनेमाच तसा केलाय. दिग्दर्शक ब्रॅडी कॉर्बेट यानं मध्यंतर सिनेमातच घालून ठेवलंय.

"मध्यंतर!" आत्या ओरडली. तिला उठवायला दोघं धावले.

पुढची पंधरा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. अमेरिकन प्रेक्षक बावरून फोन बघत बसले होते. आमच्या रांगेत पिशवी उघडली, भडंग कागदावर आलं आणि पुढचे तिघंही खुर्च्यांवर उलटे बसून सामील झाले. नवऱ्याचं मत, बायको आली की हा माणूस सुधारणार. मालवणी मित्र बांधकाम खात्यात काम करून आलेला. त्याला कॉलम बारीक वाटत होते, त्याच्या मते इमारत पडणार. मुलगा म्हणाला, शेठ मरणार. पुढच्या रांगेतली बाई म्हणाली, हा माणूस हंगेरीला परत जाईल.

"काही नाही," आत्या गूळपापडीचा तुकडा मोडत म्हणाली. "शेठ मधेच काम थांबवणार. पैसे नाहीत म्हणणार. सगळ्यांना घरी पाठवणार. मग पाच-सहा वर्षांनी पुन्हा बोलावणार. मी हे बघतेय सध्या."

उत्तरार्धात शेठनं काम थांबवलं. पुढची रांग आत्याकडे वळून आदरानं बघू लागली.

मध्यरात्र उलटून गेल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर मतदान झालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी अकादमीचे सदस्य पसंतीक्रम देतात, सगळ्यात कमी मतं मिळालेला सिनेमा बाद होतो आणि त्याची मतं त्या-त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. हे नवरा आत्याला समजवायला गेला. तिनं शिक्षक मतदारसंघात आयुष्यभर असंच मत दिलंय. तिनं मुलाच्या कंपासपेटीतून जांभळं स्केचपेन मागवलं, कारण तिथे तेच देतात, दुसऱ्या शाईचं मत बाद. एकेकानं स्वयंपाकघरात जाऊन, ओट्यावर ओणवं होऊन आकडे घातले.

मोजणी तिनंच केली. मी तिच्या शेजारी होते. सहा मतपत्रिकांवर 'अनोरा'समोर 9 किंवा 10, त्यातलं शून्य काहींनी मुद्दाम मोठं काढलेलं. सातव्या मतपत्रिकेवर 'अनोरा'समोर फळ्यावरच्या वळणदार अक्षरात देवनागरी १. पुढे तो सिनेमा बाद झाला. फेऱ्या होत होत ब्राझीलचा निवडून आला, तशी आत्यानं घोषणा केली आणि सगळ्या चिठ्ठ्या सुईदोऱ्यात ओवल्या. जाळायला मात्र मी दिल्या नाहीत, आमच्याकडे स्मोक अलार्म आहे.

रविवारी, २ मार्चला, सगळे पुन्हा आमच्याकडे टीव्हीसमोर. ऑस्करचा समारंभ आत्याला आवडला, कारण दर दहा मिनिटांनी जाहिराती लागत होत्या. 'द ब्रूटलिस्ट'मधल्या एड्रियन ब्रोडीला अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि त्याचं भाषण साडेपाच मिनिटांच्या वर चाललं. "याच्या सिनेमासारखंच," नवरा म्हणाला. 'अनोरा'चा दिग्दर्शक शॉन बेकर एकामागून एक बाहुल्या घेत होता. त्यानं मंचावरून कळकळीनं सांगितलं, की सिनेमे थिएटरात जाऊन बघा.

"मग मध्यंतर ठेवा की!" आत्या टीव्हीला म्हणाली.

शेवटी पाकीट उघडलं. 'अनोरा'. टीव्हीवर टाळ्या पडत होत्या आणि इकडे आमच्या दिवाणखान्यात सहाच्या सहा माना हळूहळू सोफ्याच्या कोपऱ्याकडे वळल्या. आत्या चकली खात होती.

"बघताय काय?" ती म्हणाली. "मत गुप्त असतं."